चिंतामणीचं कळंब आणि वाघाची वाट

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलनं अकबराच्या साम्राज्याची मोजदाद लिहून काढली, तेव्हा वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांमध्ये कळंबचीही नोंद केली. सरकार म्हणजे आजच्या जिल्ह्यासारखा महसुली विभाग. ‘आइन-ए-अकबरी’मध्ये कळंब हे जुनं आणि महत्त्वाचं शहर म्हणून येतं, तिथल्या म्हशींची ख्याती सांगितली जाते, आणि लगेच पुढे शेजारच्या मुलखाचं वर्णन सुरू होतं. चांद्याचा गोंड राजा, त्याचे घोडेस्वार, त्याचं हजारोंचं पायदळ, त्याच्या ताब्यातली वैरागडची हिऱ्यांची खाण. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीही कळंबचा विचार करताना नजर आपोआप पूर्वेच्या गोंडवनाकडे वळत होती.

आज कळंब हे यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे. यवतमाळहून वर्धा-नागपूरच्या दिशेनं वीस-बावीस किलोमीटर गेलं की ते लागतं. चिंतामणीच्या दर्शनाला माणसं उतरतात आणि तासाभरात पुढे जातात. वाघ पाहायला निघालेले मित्रांचे गट तर इथे थांबतही नाहीत. नागपूर किंवा चंद्रपूर गाठायचं, तिथून ताडोबा, दोन फेऱ्या, परत. त्यांच्या नकाशात वाघ जंगलात असतो, इतिहास किल्ल्यात आणि मधला प्रदेश नुसता ओलांडायचा असतो. मला मात्र वाटतं की या सहलीची सुरुवात कळंबहून करावी. विदर्भातला वाघ आणि विदर्भातल्या जुन्या वास्तू हे एकाच भूमीचे दोन वारसे आहेत, आणि त्यांना जोडणारी माणसं मधल्या मुलखातच राहतात. तो मधला मुलूख पाहिल्याशिवाय दोन्ही टोकं नीट कळत नाहीत.

कुंडातला गणपती

चिंतामणीचं देऊळ चक्रावती नदीकाठी आहे. बहुतेक देवळांत आपण चढून जातो, इथे उतरून जावं लागतं. गाभारा जमिनीच्या पातळीपासून बराच खाली आहे. पायऱ्या उतरताना उन्हाची काहिली मागे राहते आणि दगडी बांधणीचा गारवा जाणवायला लागतो. देवळात कुंड आहे आणि या क्षेत्राची सगळी कथा त्या पाण्याभोवती फिरते. गौतम ऋषींच्या शापानं पिडलेल्या इंद्रानं इथे गणेशाची स्थापना करून तप केलं, या कुंडात स्नान केलं आणि तो शापातून सुटला, अशी आख्यायिका आहे. जुन्या ग्रंथांतलं कदंबपूर ते हेच, अशी भाविकांची श्रद्धा. दर बारा वर्षांनी कुंडातलं पाणी आपोआप वर चढतं, गाभाऱ्यात शिरतं, मूर्तीच्या चरणांना स्पर्श करतं आणि ओसरतं, असं इथली माणसं सांगतात. त्या काळात दूरदूरहून लोक येतात. एरवी माघातल्या गणेशजयंतीला गाव गजबजतं.

यवतमाळ हा कोरडवाहू शेतीचा जिल्हा. कापूस, सोयाबीन, तूर ही इथली पिकं, आणि सगळी मदार पावसावर. अशा मुलखात देवाची मोठ्यात मोठी कृपा म्हणजे जमिनीतून आपणहून वर आलेलं पाणी. म्हणून मित्रांसोबत इथे आलात तर दर्शन घेऊन लगेच गाडीत बसू नका. कुंडाशी थोडं बसा. पुढच्या प्रवासात वाघ शोधतानाही तुम्ही पाणीच शोधणार आहात. उन्हाळ्यात अख्खं जंगल पाणवठ्याभोवती गोळा होतं, हरणं तिथे येतात आणि त्यांच्या मागोमाग वाघ येतो.

पाच गणपती, पाच जंगलं

पुण्याभोवतीचे अष्टविनायक महाराष्ट्राला पाठ आहेत. विदर्भाचेही स्वतःचे अष्टविनायक आहेत: नागपूरचा टेकडी गणपती, अदाशाचा शमी विघ्नेश, रामटेकचा अठराभुजा गणेश, भंडाऱ्यातल्या मेंढ्याचा भृशुंड, पवनीचा पंचमुखी, केळझरचा एकचक्रा गणेश, भद्रावतीचा वरदविनायक आणि कळंबचा चिंतामणी. ही यादी नकाशावर मांडा आणि शेजारी व्याघ्रभूमीचा नकाशा ठेवा. रामटेकपासून पेंच जवळ. पवनीला लागून उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. केळझरच्या सेलू तालुक्यात बोर, २०१४ साली जाहीर झालेला आणि आकारानं अगदी लहान असलेला व्याघ्रप्रकल्प. भद्रावतीहून ताडोबाचं मोहर्लीचं प्रवेशद्वार जवळच. आणि कळंबच्या दक्षिणेला टिपेश्वर. आठांपैकी पाच गणपतींच्या शेजारी वाघ राहतो.

यात चमत्कार नाही, भूगोल आहे. जुनी गावं नदीकाठी आणि व्यापाराच्या वाटांवर वसली. काळ्या कसदार जमिनीवर नांगर चालला. मधल्या मुरमाड टेकड्यांवर मात्र पीक धरत नव्हतं, तिथे सागवान, बांबू, मोह आणि तेंदू राहिले. पुढे इंग्रजांनी इमारती लाकडासाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी हीच जंगलं राखीव केली. त्यात आदिवासींचे हक्क गेले, पण झाडी उभी राहिली. म्हणून विदर्भात मंदिर, किल्ला आणि वाघ एकमेकांपासून तास-दोन तासांच्या अंतरावर सापडतात.

कळंबहून उत्तरेला निघालात तर वर्धा नदी ओलांडावी लागते. नदीच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे नागपूरकरांचा मुलूख, ही पुढच्या काळात ठरलेली सीमा. पलीकडे देवळी, वर्धा, सेवाग्राम आणि पवनार. पवनारचा उल्लेखही अबुल फझलच्या सरकारांमध्ये आहे. त्याच्याही हजार वर्षांहून आधी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर इथेच होती, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी मांडलं. विनोबा धाम नदीकाठच्या या टेकडीवर १९३८ साली राहायला आले. शेतात खणताना त्यांना जुनी शिल्पं सापडली, त्यांत भरतभेटीचं शिल्प आहे, आणि ते आजही आश्रमात पाहायला मिळतं. सेवाग्रामला गांधीजी १९३६ साली आले. माती, बांबू आणि शिंदीच्या पानांनी बांधलेल्या त्यांच्या कुटीत उभं राहिलं की आसपासच्या जंगल-शिवारातल्या सामानावर घर कसं उभं राहतं ते समजतं. मित्रांच्या गाडीत रात्री वाघाच्या गप्पा रंगणारच आहेत, दिवसाचा एक तुकडा या दोन ठिकाणांना द्यायला हरकत नाही.

टिपेश्वर

कळंबहून राळेगाव, पुढे वडकी, तिथे नागपूर-हैदराबाद महामार्ग लागतो. त्यावरून दक्षिणेला करंजी, मग पांढरकवडा. पांढरकवडा आणि घाटंजी या भागात टिपेश्वर अभयारण्य पसरलेलं आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, १४८ चौरस किलोमीटरचं. जंगलातल्या टिपाई देवीवरून त्याला हे नाव मिळालं. आत सुन्ना, माथनी अशा प्रवेशद्वारांतून जाता येतं.

ताडोबाची सवय असलेल्या डोळ्यांना टिपेश्वर वेगळं वाटतं. इथे चढउतार जास्त, सागाची झाडी, मध्ये उंच गवताची मैदानं आणि टेकड्यांतून वाहणारे नाले. चितळ, सांबर, रोही, रानडुक्कर, अस्वल, बिबट्या, तरस, मोर हे सगळं आहे. गाड्या कमी असल्यामुळे जंगलाचा आवाज ऐकू येतो, आणि व्याघ्रदर्शनात कान डोळ्यांइतकेच उपयोगी पडतात. चितळाची किंचाळी, सांबराचा खणखणीत भुंकार, माकडाची खोकल्यासारखी हाक. मार्गदर्शक त्याला ‘कॉल’ म्हणतात. कॉल आला की गाडी बंद करायची, सगळ्यांनी गप्प बसायचं आणि आवाज कुठून कुठे सरकतो आहे ते ऐकायचं. सांबर उगाच ओरडत नाही, हे इथला प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. नुसत्या चितळाच्या आवाजावर तो इतकी भिस्त ठेवत नाही.

टिपेश्वरमध्ये वाघांची संख्या जंगलाच्या आकाराच्या मानानं चांगली आहे. पण तरुण नराला स्वतःचा मुलूख लागतो. वाघीण पिल्लांना साधारण दोन वर्षं सांभाळते, मग त्यांनी आपली वाट धरायची असते. १४८ चौरस किलोमीटरमध्ये सगळ्यांना जागा कुठून मिळणार? म्हणून टिपेश्वरचे वाघ बाहेर पडतात, आणि बाहेर आहे पऱ्हाटी, तूर, नाले, गावं, महामार्ग. मधला मुलूख म्हणतो तो हाच.

तीन हजार किलोमीटरची पायपीट

फेब्रुवारी २०१९ मध्ये टिपेश्वरच्या एका तरुण नर वाघाच्या गळ्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी रेडिओ कॉलर बसवली. जूनमध्ये तो अभयारण्यातून निघाला. यवतमाळ, मग तेलंगणातलं आदिलाबाद, पुन्हा महाराष्ट्र, मराठवाड्याचा काठ, असं करत तो डिसेंबरमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या कॉलरनं पाठवलेल्या पाच हजारांहून जास्त ठिकाणांच्या नोंदी जोडल्या तेव्हा एकूण चाल तीन हजार किलोमीटरच्या पुढे गेली. भारतात एखाद्या वाघाची इतकी लांब पायपीट त्याआधी नोंदली गेली नव्हती. जगभरच्या वर्तमानपत्रांत त्याचं नाव झालं ‘वॉकर’.

या प्रवासात मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती अंतराची नाही. हा वाघ माणसांनी भरलेल्या शेतशिवारातून महिनोन्‌महिने चालला. दिवसा नाल्याकाठच्या झुडपांत पडून राहायचा, रात्री निघायचा. रस्ते ओलांडले, नद्या ओलांडल्या, रानडुकरं आणि गुरं मारून पोट भरलं. तो जिथे पडून होता त्या झुडपात माणसं शिरली तेव्हा एक जण जखमी झाला, एवढा एक प्रसंग सोडला तर माणसांशी त्याचं वैर घडलं नाही. हजारो शेतकऱ्यांच्या बांधावरून वाघ गेला आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही लागला नाही.

तो एकटा नव्हता. मार्च २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्यात कॅमेऱ्यानं वाघ टिपला. कित्येक दशकांनी तिथे वाघ आला होता. अंगावरचे पट्टे जुळवून पाहिले, तो निघाला टिपेश्वरचा. डिसेंबर २०२४ मध्ये धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात वाघ दिसला, तोही टिपेश्वरचाच. माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, त्यामुळे अशी ओळख पटवता येते. धाराशिव जिल्ह्यातही एक कळंब आहे. यवतमाळच्या कळंबशेजारून निघालेला वाघ मराठवाड्यातून वाट काढत त्या दुसऱ्या कळंबच्या जिल्ह्यात पोहोचला.

२०२२ च्या गणनेत भारतात सरासरी ३,६८२ वाघांचा अंदाज आला. महाराष्ट्रात ४४४. २००६ साली हाच आकडा १०३ होता. वाढलेल्या वाघांना राहायला नवी जंगलं उगवलेली नाहीत. त्यांना एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाता आलं तरच ही वाढ टिकेल. नाहीतर एकाच जागी कोंडलेल्या वाघांत भांडणं वाढतात, रक्ताच्या नात्यात प्रजनन होतं, आणि माणसाशी गाठ पडते.

राळेगावची दोन वर्षं

ती गाठ कशी असते हे कळंबच्या शेजारच्या तालुक्यानं सोसलं आहे. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव आणि पांढरकवड्याच्या शिवारात तेरा माणसं मृत्युमुखी पडली आणि त्यांतल्या बहुतेकांचा दोष टी-१ या वाघिणीवर आला. जग तिला ‘अवनी’ म्हणून ओळखतं. मेलेली माणसं गुराखी होती, शेतात कामाला गेलेली होती. संध्याकाळी पाचनंतर गावं बंद व्हायची, शेतातली रात्रीची जागल थांबली, पिकं रानडुकरांनी खाल्ली. वाघिणीला दोन पिल्लं होती. तिला मारू नये म्हणून देशभर मोहीम चालली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयानं हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घालण्यात आली. तिच्या मरणाच्या पद्धतीवर पुढे बराच वाद झाला. तिचं मादी पिल्लू सुमारे दीड महिन्यानं पकडून पेंचला नेण्यात आलं.

त्या काळात मुंबई-पुण्यात वाघिणीसाठी मेणबत्त्या लावल्या गेल्या आणि बोराटीच्या परिसरात तिच्या मरणावर फटाके वाजले. दोन्ही बाजूंची भावना खरी होती. एकीला वाघ नाहीसा होण्याची भीती होती, दुसरीला घरातला माणूस संध्याकाळी परत न येण्याची. मित्रांसोबत जिप्सीत बसून वाघ पाहणारा माणूस बहुतेक पहिल्या बाजूचा असतो. त्यानं दुसरी बाजू ऐकली नाही, तर त्याचं वाघावरचं प्रेम अर्धंच राहतं. म्हणून राळेगावच्या रस्त्यानं जाताना एखाद्या गावात थांबा, चहा घ्या, माणसांशी बोला. तेव्हा कळतं की शेतकऱ्याला रात्री शिवारात का जावं लागतं. रानडुकरं आणि रोही पीक फस्त करतात म्हणून जागल करावी लागते. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते म्हणून ओलिताला रात्रीच जावं लागतं. दिवसा वीज मिळाली तर माणूस आणि वाघ यांच्या वेळा वेगळ्या होतील. शेतीला दिवसा वीज देणं हा वाघ वाचवण्याचाच एक उपाय आहे, आणि तो मागण्यात शहरातल्या वन्यजीवप्रेमींचा आवाजही हवा.

पिकाभोवतीच्या तारेत चोरून वीज सोडणं हा दुसरा प्रश्न. ती सोडली जाते रानडुकरासाठी, पण वाघही तिला शिवतो. ‘जय’ हा कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध वाघ २०१६ मध्ये नाहीसा झाला. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ मध्ये नागभीडजवळ अशाच विजेच्या तारेनं मेला. शेतकऱ्याला परवडणारं सौर कुंपण मिळालं तर ही तार उरणार नाही.

या मुलखात कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे त्यांची वस्ती, बहुतेक टेकडीच्या कडेला, जंगलालगत. कोलाम हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. गोंड आणि कोलाम गावांच्या सीमेवर वाघदेवाचं ठाणं दिसतं: शेंदूर लावलेला दगड, कधी लाकडावर कोरलेला वाघ. वाघ शेजारी आहे, त्याचा मान ठेवावा आणि त्यानं आपली वेस ओलांडू नये, हा त्यामागचा करार. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा, हे ठाणं त्याहून पुष्कळ जुनं. सहलीत किल्ला आणि मंदिर यांच्या यादीत त्यालाही जागा द्या.

चांद्याकडे

अबुल फझलनं ज्याच्या सैन्याचं वर्णन केलं, त्या गोंड राजाची राजधानी चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर. कळंब-राळेगाव-वडकीवरून वणी आणि तिथून वर्धा नदी पार करून भद्रावती, ही वाट धरावी. वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचं गाव, आज कोळशाच्या खाणींचंही. खाणींचे ढिगारे आणि वाघाच्या वाटा इथे एकमेकांना छेदतात, ते गाडीच्या काचेतूनही दिसतं.

भद्रावतीला दोन वास्तू चुकवू नका. एक वरदविनायक. दुसरी विजासनची बौद्ध लेणी: टेकडीच्या पोटात लांब बोळांसारखी खोदलेली, आणि बोळाच्या टोकाला बुद्धमूर्ती. आत अंधार, वटवाघळं, आणि टोकाला पोहोचेपर्यंत कोणी बोलत नाही. शिवाय भद्रनागाचं देऊळ आणि पार्श्वनाथाचं जैन मंदिर. एका गावात चार परंपरा.

चंद्रपूरला किल्ला शहराबाहेर नाही, शहराभोवती आहे. तटाची लांबी जवळपास अकरा किलोमीटर. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे चार दरवाजे अजून वापरात आहेत, त्यांतून रिक्षा जातात. गोंड राजांची समाधीस्थळं अंचलेश्वराजवळ आहेत. महाकालीचं देऊळ बांधलं राणी हिराईनं. पतीच्या, बीरशहाच्या, समाधीची देखणी वास्तूही तिचीच. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी हे राज्य घेतलं आणि गोंड राजवट संपली. तटावर पुढे झाडंझुडपं वाढली, कचरा साचला. २०१७ साली चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी स्वतःच्या हातांनी किल्ला साफ करायला घेतला आणि शेकडो दिवस ते काम चालवलं. वन्यजीवांसाठी काम करणारी ही मंडळी. वाघ आणि वारसा वेगळे नाहीत हे त्यांनी तटावर कुदळ चालवून सांगितलं.

आणि मग ताडोबा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं, अंधारी अभयारण्य जोडून १९९५ पासून व्याघ्रप्रकल्प. गाभा ६२५ चौरस किलोमीटरचा, बफर धरून सतराशेच्या वर. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, तो देव झाला आणि तळ्याकाठच्या मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं झालं, त्यावरून ताडोबा, अशी परंपरा. पौषात आदिवासींची तिथे यात्रा भरायची. जंगलातल्या जुन्या रस्त्यालगत उंच दगडी खांब उभे आहेत, ते गोंड राजांच्या काळातले मानले जातात. दोऱ्या बांधून घंटांनी निरोप पाठवण्यासाठी ते होते असं सांगतात. वाघाच्या मागे धावणाऱ्या गाड्या या खांबांजवळून रोज जातात. मार्गदर्शकाला विनंती करा, एका खांबापाशी क्षणभर गाडी थांबवून तो पाहू द्या.

सहा जणांची जिप्सी

जिप्सीत सहा पर्यटक बसतात, शिवाय चालक आणि मार्गदर्शक. सहा मित्रांचा गट असला तर खर्च वाटला जातो आणि अनोळखी माणसांशी जुळवून घ्यावं लागत नाही. पण मित्रांसोबत जाण्याचा खरा फायदा वेगळा. सहा जणांच्या सहा आवडी असतात. एक पक्षी ओळखतो, एकाला झाडं कळतात, एकाला शिलालेख वाचायचा असतो, एक स्वयंपाकघरात डोकावून भाजीची कृती विचारतो. वाघ दिसला नाही तरी अशा गटाची सहल कोरडी जात नाही. याउलट फक्त वाघासाठी आलेला गट पहिल्या फेरीत वाघ दिसला नाही की चालकावर चिडतो, दुसऱ्या फेरीत जास्त पैसे देऊ करतो, आणि चालक मग वेगानं गाडी पळवतो. एका वाघाभोवती पंधरा गाड्यांची गर्दी अशीच होते. गाड्यांनी वाट अडवलेली वाघीण पिल्लांना हाक मारत झाडीत ताटकळते, हे पाहून आनंद वाटण्यासारखं त्यात काही नसतं.

म्हणून निघण्याआधीच गटात चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. कॉल आला की कोणी बोलणार नाही. चालकाला ‘पळव’ म्हणणार नाही. वाघ रस्ता ओलांडत असेल तर आपली गाडी मागे घ्यायला सांगणार. आणि दिसला नाही तर त्याचा दोष कोणाला देणार नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. जंगलाचं पर्यटन ऑक्टोबर ते जून चालतं, पावसाळ्यात गाभा बंद असतो. ताडोबाला मंगळवारी सुट्टी. फेऱ्या दोन, पहाटेची आणि दुपारची. परवाना आधी ऑनलाइन काढावा, ओळखपत्राची मूळ प्रत बरोबर ठेवावी. ताडोबाच्या गाभ्यात मोबाइल नेता येत नाही. मार्गदर्शक सक्तीचा आहे आणि तो असायलाच हवा, कारण ते बहुतेक शेजारच्या गावांतले तरुण असतात आणि जंगल राखण्यात त्यांच्या घरांचा वाटा त्या कमाईतून उभा राहतो. कपडे मातकट रंगाचे, अत्तर नको. डिसेंबर-जानेवारीत पहाटे उघड्या जिप्सीत थंडी हाडांत शिरते, एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. वाघ उन्हाळ्यात जास्त दिसतो, जंगल हिवाळ्यात जास्त सुंदर असतं. ज्यांना कळंब-टिपेश्वर-चंद्रपूर असा सगळा पट्टा पाहायचा आहे त्यांनी हिवाळा निवडावा. तेव्हा पऱ्हाटीत कापूस फुटलेला असतो, तूर शेंगांवर असते, आणि जेवणात तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकर, भरली वांगी आणि पाटवडीचा रस्सा असतो. मुक्कामाचा एक तरी दिवस गावातल्या घरात काढा.

कळंबला येणं आता सोपं झालं आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा ते कळंब हा रेल्वेमार्ग सुरू झाला. २८४ किलोमीटरच्या वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा हा पहिला टप्पा. इंग्रजांच्या काळापासून यवतमाळला मूर्तिजापूरहून येणारी अरुंद रुळांची ‘शकुंतला’ तेवढी माहीत होती, आता मोठे रूळ कळंबपर्यंत आले आहेत आणि पुढे जाणार आहेत.

रूळ, रस्ते आणि आपण

हा मार्ग या जिल्ह्याला हवाच आहे. शेतकरी आत्महत्यांमुळे देशभर नाव झालेल्या यवतमाळला रेल्वे, रस्ते, कारखाने मिळाले पाहिजेत, यात दुमत नाही. प्रश्न एवढाच की ते बांधताना वाघाची वाट लक्षात राहते का. नागपूर-हैदराबाद हा जो महामार्ग पांढरकवड्यावरून जातो, त्याच्याच नागपूरच्या उत्तरेकडच्या भागात, पेंचच्या जंगलातून जाताना, प्राण्यांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवले आहेत. पन्नास मीटरपासून साडेसातशे मीटर रुंदीपर्यंतचे. कॅमेऱ्यांनी दाखवून दिलं की वाघ, रानकुत्रे, चितळ, रानडुकरं ते वापरतात. हे मार्ग आपोआप ठेवले गेले नाहीत. शास्त्रज्ञांनी, कार्यकर्त्यांनी आणि न्यायालयांत गेलेल्या नागरिकांनी ते मिळवले. त्याच महामार्गाच्या दक्षिण भागात, टिपेश्वरच्या बाजूला, आणि नव्या रेल्वेमार्गावर तसेच मार्ग मागता येतील.

मागणार कोण, हा प्रश्न मित्रांच्या गटाकडेच येतो. नागपूर, पुणे, मुंबईहून जिप्सीत बसायला येणाऱ्या सहा जणांत एक जण अभियंता असतो, एक वकील, एक पत्रकार किंवा सरकारी नोकर, आणि एखाद्याच्या आजोबांची शेती अजून याच जिल्ह्यात असते. यांनीच वाघ जवळून पाहिलेला असतो. जंगल जोडणारी जमीन ज्यांच्या मालकीची आहे, ते राळेगावचे कापूस उत्पादक आणि टेकडीवरचे कोलाम, त्यांच्याशी यांची ओळख झाली, तर दिवसा वीज, सौर कुंपण, रस्त्याखालचे मार्ग आणि वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई यांची मागणी दोन्ही बाजूंनी एकाच आवाजात होईल. त्या आवाजाशिवाय टिपेश्वरच्या पुढच्या तरुण वाघाला पुढचं जंगल गाठता येणार नाही. म्हणून माझा आग्रह आहे की वाघ पाहण्याची सहल कळंबला सुरू करा, चांद्याला संपवा, आणि मधल्या गावांत थांबा, माणसांची नावं विचारा, पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याकडे जा. व्याघ्रदर्शन नशिबाचा भाग आहे, ही ओळख आपल्या हातात आहे.